साळवेबाईंची टाळी

साळवेबाई मला पहिल्यांदा दिसल्या तेव्हा त्या आरतीत भलत्याच जागी टाळी देत होत्या. नेदरलंड्समधल्या लायडस्खेनडामच्या एका हॉलमध्ये आमच्या मंडळाचा गणपती बसला होता. झांजा, ढोलकी, टाळ्या, सगळं एका ठिकाणी पडत होतं, आणि मागच्या रांगेतून एक टाळी नेमकी आमच्या दोन टाळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत येत होती. चुकून एखादी पडली असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. ही मात्र हट्टाने येत होती, आणि चांगली दणदणीत येत होती. मी मान वळवून पाहिलं. अंगातला रेनकोट तसाच, करड्या केसांचा बॉबकट, डोळे मिटलेले, आणि चेहऱ्यावर असं समाधान, की जणू सगळा हॉलच बेताल आहे आणि आपण त्याला मोठ्या मनाने सांभाळून घेतोय.

मी पुण्यात लहानपणापासून गाणं शिकले. बेताल टाळी मला भातात खडा लागावा तशी लागते. प्रसादाच्या रांगेत त्या माझ्या पुढेच उभ्या होत्या. मी जमेल तेवढ्या गोड आवाजात म्हटलं, "मावशी, आरतीत टाळी समेवर द्यायची असते."

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "माझी टाळी चुकली होय? आणि तुझं काय गं? तू तर ओठसुद्धा हलवत नव्हतीस."

मिटल्या डोळ्यांनी त्यांनी हे कधी पाहिलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण ते खरं होतं, आणि इतक्या वर्षांत नवऱ्यासकट कुणालाच दिसलं नव्हतं. लग्नाआधी माझं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. आवाज परत आला, पण वरच्या षड्जाच्या आसपास गेलं की तो मधोमध फाटायचा, एका गळ्यातून दोन आवाज निघायचे. होईल बरा, होईल बरा, असं सगळे म्हणत राहिले. तो काही झाला नाही. मग निखिलला अ‍ॅमस्टरडॅमला झुइडास या ऑफिसांच्या भागात नोकरी लागली, त्याच्या परमिटवर मी हेगजवळच्या फोरबर्गला आले, आणि इथे मी गाते हे कुणाला ठाऊकच नव्हतं. मला ते फार सोयीचं वाटलं. आमची इरा सहा वर्षांची झाली तरी तिने आईला गाताना ऐकलेलं नव्हतं. तिची अंगाईसुद्धा मी फोनवर लावायचे.

"शनिवारी सकाळी आमच्या बुर्टहाउसला ये," मोदकाचा द्रोण सांभाळत त्या म्हणाल्या. बुर्टहाउस म्हणजे वस्तीतलं पालिकेचं छोटं सभागृह. "अमेरिकेचं संगीत शिकवते मी. फुकट. कॉफी मात्र वाईट असते."

"तुम्ही दरवर्षी येता का गणपतीला?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"मोदकासाठी येते. ते माझ्या प्रभूलाही माहीत आहे आणि तुझ्या बाप्पालाही."

त्यांचं नाव सुवार्ता साळवे. नगरच्या मिशन कंपाउंडमध्ये वाढलेल्या, मराठी ख्रिस्ती घरातल्या. तरुणपणी नर्स म्हणून हेगला आल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथल्याच एका हॉस्पिटलमध्ये राहिल्या. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलंच तर म्हणायच्या, "रात्रपाळीत जमलं नाही." आम्ही त्यांना बाई म्हणायचो, शाळेत म्हणतात तसं, आणि त्या वागायच्याही तशाच. उशिरा आलेल्याला दारातच उभं करून चार टाळ्या द्यायला लावायच्या आणि त्या बरोबर पडल्यावरच खुर्ची दाखवायच्या.

आणि त्या बरोबर पडायच्या नाहीत, हीच तर सगळी गंमत. एक-दोन-तीन-चार मोजलं, तर अमेरिकेतल्या चर्चमधली काळी माणसं दोनवर आणि चारवर टाळी देतात. आम्ही मराठी माणसं जन्मापासून पहिल्या मात्रेवर हात मारत आलेलो. बाई पियानोवर काहीतरी वाजवायच्या, आम्ही दोन-चारवर नेटाने सुरुवात करायचो, आणि थोडं रंगात आलो की सगळ्यांचे हात गुपचूप एकवर येऊन बसायचे. वर्गात एकटा डच माणूस होता, हेंक नावाचा निवृत्त पोस्टमन. त्याचीही टाळी एकवरच. "बघा," बाई म्हणायच्या, "हा पठ्ठ्या आयुष्यात आरतीला गेला नाही, तरी तुमचाच भाऊ!" मग हेंककडे वळून "रुस्तिख आन, हेंक, रुस्तिख आन," म्हणजे सावकाश रे बाबा, घाई नको. हे शब्द त्या वाजवतानाही म्हणायच्या, सायकलवर चढतानाही आणि आमच्यापैकी कुणी रडायला लागलं तरीही.

बाईंचा वर्ग कुठल्याच वर्गासारखा नव्हता. संगीतकारांची नावं त्या आधी सांगतच नसत. "नाव कळलं की माणूस ऐकायचं थांबतो. आधी तो काय करतो ते बघा, नाव मागाहून विचारा." त्यामुळे आमच्यासाठी अमेरिकन संगीताचा इतिहास हा नावागावांचा इतिहास झालाच नाही. शेतात राबणाऱ्या गुलामांच्या हाकांपासून त्यांनी सुरुवात केली. एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ द्यायची. त्या हाकेतून चर्चमधली गाणी आली, त्या गाण्यांतून ब्लूज, आणि ब्लूजचं बोट धरून बाकीचं सगळं घर उभं राहिलं.

मग रॅगटाइम. त्यातला डावा हात बँडच्या तालात सरळ चालतो आणि उजवा कधी आधी कधी नंतर, मनाला येईल तसा पडतो. बाई म्हणायच्या, "डावा हात नोकरीवर, उजवा हात सुट्टीवर. आणि पगार दोघांचा एकच." जॅझला त्यांनी सासरची उपमा दिली होती. "सुरावट दुसऱ्याच्या घरची. नांदायचं तिथंच, पण भाजीला फोडणी आपल्या हातची." आमच्यातली प्राजक्ता, जी इथे घरून केक करून विकते, ती यावर म्हणाली, "बाई, माझ्या सासरी असं काही चालत नाही." बाई म्हणाल्या, "म्हणून तर तू इथं येऊन बसलीस." प्राजक्ताने त्या दिवशी उरलेला अख्खा केक वर्गात वाटून टाकला.

पुढे सिंफनी लिहिणारे आले. जॅझची वाद्यं मोठ्या सभागृहात नेणारा एक होता. "बँडवाल्याला टाय बांधला याने," बाई म्हणाल्या, "पण पायात चप्पल तीच राहू दिली, म्हणून मला आवडतो." एकाचं संगीत त्यांनी आम्हाला खिडकीकडे तोंड करून ऐकायला लावलं. त्यात सुरांमध्ये लांबलांब अंतरं होती, मधलं सगळं रिकामं. "मधले सूर काढले की माळरान दिसतं," त्या म्हणाल्या. त्यानंतर डेल्फ्टच्या गाडीतून बाहेरची सपाट हिरवी कुरणं दिसली की ते संगीत माझ्या डोक्यात आपोआप सुरू व्हायचं. आणि शेवटी तेच ते चार सूर पुन्हा पुन्हा वाजवत हळूच एखादा बदलणारे लोक आले. त्या शनिवारी निखिल मला सोडायला म्हणून आला होता तो बसूनच राहिला. घरी येताना म्हणाला, "मंजिरी, हे तर आमच्या ऑफिससारखं आहे गं. रोज तेच, आणि एके दिवशी कळतं की सगळं बदललंय." बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या. "तुझ्या नवऱ्याला कान आहे. आता त्याला टाळी शिकव."

हे सगळं त्यांना कुठून आलं, असं मी एकदा विचारलं. मला वाटलं होतं, त्या एखाद्या संगीतशाळेचं नाव घेतील.

"नगरहून," बाई म्हणाल्या. "अमेरिकेचं संगीत मी नगरलाच ऐकलं, आणि तेही मराठीत."

त्यांच्या आजीच्या लहानपणी कंपाउंडमध्ये एक अमेरिकन मडम होती. तिने बोटीतून पेटी आणली होती आणि त्या पेटीवर ती तिच्या गावाकडच्या चाली, त्यांत गुलामांच्या गाण्यांच्याही, बायकांना शिकवायची. बायकांनी चाली घेतल्या आणि त्यांत आपले शब्द भरले. आजीने भरलेलं एक गाणं बाईंना पाठ होतं, आणि आमच्या वर्गाची सुरुवात दर शनिवारी त्यानेच व्हायची. बाई हाक द्यायच्या, "पाणी किती खोल?" आम्ही ओ द्यायचो, "गुडघाभर, बाई, गुडघाभर!" बस, एवढंच. पुढच्या कडव्यात पाणी कमरेला लागायचं, मग गळ्याला, आणि शेवटी पलीकडचा काठ जवळ आला की परत गुडघाभर व्हायचं.

"आमच्या नगरला गुडघाभर पाणी म्हणजे सण," बाई हसायच्या. "सीना नदी वर्षातून चार दिवस वाहते. पण आजी म्हणायची, अमेरिकेतल्या त्या गुलामांच्या गाण्यात नदी असतेच असते. नदीच्या पलीकडं त्यांना कुणी विकत नव्हतं. मग आपणही ओलांडायची, कोरडी असली म्हणून काय झालं?"

मी वर्गात टाळी द्यायला शिकले, ओ द्यायलाही शिकले. आठ-दहा जणांच्या घोळक्यात, मधल्या पट्टीत, माझा आवाज लपून जायचा. हाक मात्र प्रत्येकाने आळीपाळीने द्यायची असा बाईंचा नियम होता, आणि माझी पाळी आली की मी पाणी प्यायला उठायचे. बाईंनी पहिले काही महिने ते चालू दिलं. मग एका शनिवारी माझ्या आधीच्या खुर्चीपर्यंत हाक आली आणि त्यांनी पाण्याची बाटली आणून माझ्या हातात दिली. "पी. बसून पी. आणि मग दे हाक."

"बाई, माझा आवाज फाटतो."

"कुठं फाटतो?"

असा प्रश्न मला डॉक्टरांनीसुद्धा विचारला नव्हता. सगळे विचारायचे, का फाटतो, कधीपासून फाटतो. मी खालून चढत गेले. कोमल गंधार, शुद्ध गंधार, पंचम, वर, आणखी वर, आणि तिथे आवाज चरचरून दुभंगला. मला वाटलं, आता सगळे दुसरीकडे बघतील. आमच्याकडे कुणाचा सूर लागला नाही की लोक सतरंजीकडे बघतात.

बाई पियानोवरून उठून माझ्याजवळ आल्या. "परत."

मी परत गायले. परत तिथेच फाटला.

"हे बघ लेकी," त्या म्हणाल्या, "हेगच्या सुरिनामी बायकांच्या क्वायरमध्ये मी कितीतरी वर्षं गायले. गॉस्पेलची खरी तालीम मला त्यांनी दिली, टाळीसुद्धा त्यांनीच मारून मुटकून बसवली. त्यांच्यातली जी सगळ्यात मोठी गाणारी होती ना, ती बरोबर इथं आवाज फाडायची. मुद्दाम फाडायची. त्यासाठी रियाज करायची. तुला फुकटात मिळालंय, तर तू लपवत बसलीस!"

सगळे हसले आणि मीही हसले. मग त्यांनी पियानोची एक काळी आणि एक पांढरी पट्टी दाबून दाखवली. ब्लूजचा जो जीवघेणा सूर आहे, तो या दोन्हींच्या मधे कुठेतरी राहतो आणि पियानोला तो काढता येत नाही. मला तो लगेच ओळखता आला. आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधली ती जागा, जिथे गळा सरकत जातो आणि पेटी हात टेकते. मी तो सूर लावला. बाईंनी कानाला हात लावला, जसा आमच्याकडचे जाणकार लावतात, आणि एवढंच म्हणाल्या, "आलीस का घरी?"

मी त्या दिवशी हाक दिली नाही. रडले मात्र पुष्कळ. हेंकने मला त्या वाईट कॉफीचा कप आणून दिला आणि बाई म्हणाल्या, "रुस्तिख आन."

घरी गाणं सुरू झालं ते स्वयंपाकघरात. कांदा चिरताना मी त्या मधल्या सुराशी खेळत बसायचे. एकदा इरा दारात येऊन उभी राहिली. आमच्याकडे मी मराठीत विचारते आणि ती डचमध्ये किंवा इंग्रजीत उत्तर देते. त्या दिवशी तिने मराठीत विचारलं, "आई, हे कोण गात होतं?" मी म्हटलं, मी. तिने स्वयंपाकघरात दुसरं कुणी आहे का ते नीट पाहून घेतलं आणि मग माझ्या मांडीवर येऊन बसली.

हाकेबद्दल मात्र मी अडूनच बसले होते. घोळक्याच्या पुढे एकटीने, वरच्या पट्टीत, सगळे ऐकत असताना आवाज फाटला तर पुढे काय करायचं, हे मला सुचत नव्हतं. बाईंना मी तसं सांगितलं. त्यांनी नेहमीसारखं उडवून लावलं नाही. म्हणाल्या, "हाक पुरी करायचीच नसते. पुरी केली तर बाकीच्यांनी काय करायचं? थोडी जागा ठेवायची, म्हणून तर लोक ओ देतात." मला ते तेव्हा नुसतं समजुतीचं बोलणं वाटलं.

गेल्या हिवाळ्यात बाईंनी एका शनिवारी वर्ग संपल्यावर रेनकोट चढवता चढवता सांगितलं की त्यांच्या पोटात गाठ आहे आणि ती आता कुठे जाणार नाही. नर्सच्याच आवाजात सांगितलं, पेशंटच्या नातेवाइकांना सांगतात तसं, न घाबरवता आणि काही न लपवता. वसंतापर्यंत त्या वर्ग घेत राहिल्या. मग पियानोच्या स्टुलावर बसवेना, तेव्हा फोरबर्गच्याच एका हॉस्पिसमध्ये गेल्या. तिथली खोली उजेडाची होती, खिडकीखाली कालवा. आम्ही पाळ्या लावून जायचो. प्राजक्ता मऊ भात न्यायची, हेंक ट्यूलिप न्यायचा आणि मी काहीच न नेता जायचे, कारण बाईंनी सांगून ठेवलं होतं, "तू गळा आण."

एका दुपारी मी तिथे त्यांचं ते गाणं अगदी हळू गुणगुणत होते. बाई डोळे मिटून पडल्या होत्या आणि पांघरुणावर त्यांचं एक बोट ठेका धरत होतं. माझं लक्ष गेलं आणि मी दचकलेच. ठेका एकवर पडत होता.

"बाई," मी म्हटलं, "टाळी चुकली."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. ओठांच्या कोपऱ्यात हसल्या. "नाही चुकली. आजी अशीच द्यायची, पहिल्यावर, ढोलकीसारखी. मडमेनं पुष्कळ रागावून बघितलं, शेवटी तिनं नाद सोडला." मग दम घेऊन म्हणाल्या, "तुम्हाला मी दोन-चारवर शिकवली, कारण ते गाणं ज्यांचं आहे त्यांची टाळी यायला पाहिजे. ती आली तुम्हाला. आता मला आजीकडं जायचंय, तर तिच्याच टाळीवर जाईन की."

मी त्यांचा हात हातात घेतला आणि गात राहिले. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "त्या दिवशी हाक तू द्यायची."

कुठला दिवस, ते विचारायची गरज नव्हती. मी म्हटलं, "बाई, फाटेल."

"फाटू दे. मी कुठं हसायला असणार आहे?"

त्या गेल्या तेव्हा बाहेर ट्यूलिप संपत आले होते. इथे अंत्यविधीलाही हॉलची वेळ ठरलेली असते, भाषणं, गाणी, मग सगळ्यांना कॉफी आणि केकचा तुकडा. केक प्राजक्ताने केला होता, आणि आमच्या गाण्यातली ओ द्यायची ओळ रोमन लिपीत छापून सगळ्यांना वाटली होती. हॉस्पिटलमधल्या जुन्या नर्स होत्या, सुरिनामी क्वायरमधल्या वयस्क बायका झकपक टोप्या घालून आल्या होत्या, आणि आमच्या गणपतीतली अर्धी मंडळी होती. इरा पहिल्या रांगेत निखिलच्या मांडीवर होती. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठले. पाण्याची बाटली मी मुद्दाम घरी ठेवून आले होते.

टाळी आधी सुरू झाली. सुरिनामी बायकांनी आणि आमच्या वर्गाने ती दोन-चारवर धरली. हेंक नेहमीसारखा एकवर घसरला, त्याच्यामागून गणपतीची सगळी मंडळी एकवर आली, आणि त्यांना आवरायला आज बाई नव्हत्या. एरवी मला हे भातातल्या खड्यासारखं लागलं असतं. त्या दिवशी एका टाळीच्या मोकळ्या जागेत दुसरी पडत होती आणि सगळ्या हॉलमध्ये रिकामी मात्रा कुठे राहिलीच नव्हती. मी हाक दिली.

"पाणी किती..."

आणि तिथेच, जिथे फाटायचा तिथेच, आवाज दुभंगला. 'खोल' हा शब्द गळ्यातून बाहेर आलाच नाही. मी परत सूर जुळवायला श्वास घेतला, पण मला ती संधी मिळाली नाही. अर्धीच राहिलेली हाक सगळ्या हॉलने उचलली, मराठी येणाऱ्यांनी आणि न येणाऱ्यांनीही, टोप्यावाल्या बायकांनी, हेंकने, आणि पहिल्या रांगेतून सगळ्यांच्या वर, स्पष्ट मराठीत, इराने.

"गुडघाभर, बाई, गुडघाभर!"

बाई, तुमचे उपकार मी कुठल्या शब्दांत मानू, मला कळत नाही. तुम्ही मला माझाच आवाज परत दिलात, होता तसा, फाटक्या जागेसकट. मी डोळे पुसले, आणि पाणी कमरेला लागतं त्या कडव्याची हाक दिली.